एकाच आकड्यांच्या दोन डिस्क

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी प्लास्टिकची चकती, म्हणजे डिस्क, लक्ष्याकडे फेकण्याचा खेळ. त्यातल्या दोन ड्रायव्हरवर, म्हणजे लांब फेकीच्या डिस्कवर, 7, 5, 0, 2 हे तेच चार आकडे छापलेले असले, तरी त्यांतली एक सरळ जाऊन अखेरीस हलकेच डावीकडे उतरते, तर दुसरी निम्म्या वाटेतच उजवीकडे कलू लागते, असे घडू शकते. हे आकडे अनुक्रमे वेग, ग्लाइड (हवेत तरंगत राहण्याची क्षमता), टर्न आणि फेड दाखवतात; पण ते उत्पादकच ठरवतो, त्यामागे सर्वांना बांधील असे एकच प्रमाण नाही. म्हणून बॅगेतली जागा कोणाला द्यायची, हे ठरवताना आकड्यांच्या मागचे कारण पाहावे लागते.

उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ती वेगात असताना हवेच्या उचलीचा केंद्रबिंदू डिस्कच्या मध्याच्या मागे असतो, त्यामुळे तिचे नाक खाली दाबले जाते. स्थिर वस्तू अशा वेळी पुढे झुकली असती. फिरणारी डिस्क मात्र भोवऱ्याप्रमाणे त्या जोराला काटकोनात प्रतिसाद देते आणि उजवीकडे कलते. हाच टर्न. पुढे वेग ओसरून ती खाली येऊ लागली की समोरून येणाऱ्या हवेशी तिचा कोन वाढतो, केंद्रबिंदू मध्याच्या पुढे सरकतो, नाक वर ढकलले जाते आणि कल डावीकडे वळतो. हा फेड.

हा केंद्रबिंदू कधी आणि किती सरकेल, हे बऱ्याच अंशी रिमच्या, म्हणजे डिस्कच्या जाड कडेच्या, आकारावर ठरते. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर साच्याचे दोन भाग मिळतात ती रेषा, म्हणजे पार्टिंग लाइन, जितकी उंच, तितकी डिस्क सहसा अधिक ओव्हरस्टेबल, म्हणजे डावीकडे जाण्याकडे कल असलेली, असते. साच्यातून निघालेले प्लास्टिक थंड होताना किती आकसले, यावर ही उंची किंचित बदलते. म्हणूनच एकाच साच्याच्या दोन खेपांच्या डिस्क वेगळ्या उडतात. दोन्ही डिस्क सपाट काचेवर शेजारी ठेवून कडेने पाहिल्यास हा फरक पुष्कळदा डोळ्यांनाही कळतो. दोन ग्रॅमच्या फरकावर वाद घालण्यापेक्षा ही तपासणी मला अधिक उपयोगी वाटते. वजनाला महत्त्व नाही असे नव्हे: हलक्या डिस्कचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोम, कमी असल्याने ती लवकर कलते. नियमानुसार व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे 8.3 ग्रॅम ही मर्यादा आहे, आणि म्हणूनच साधारण 21.1 सेंटिमीटर व्यासाच्या ड्रायव्हरचे वजन 175 ग्रॅमच्या आसपास थांबते.

आता इनोव्हा या उत्पादकाच्या टीबर्ड आणि थंडरबर्ड या डिस्कचे आकडे पाहा: पहिल्याचे 7, 5, 0, 2 आणि दुसऱ्याचे 9, 5, 0, 2. फरक फक्त वेगाच्या आकड्यात आहे, आणि तो आकडा डिस्क किती वेगाने जाईल हे सांगत नाही. ती ठरल्याप्रमाणे उडण्यासाठी हातातून किती वेगाने सुटायला हवी, हे सांगतो. वेगाचा आकडा मोठा असलेल्या, म्हणजेच रुंद रिमच्या, डिस्कला तेवढा वेग मिळाला नाही, तर टर्न येतच नाही आणि ती लवकर डावीकडे पडते. तेव्हा मध्यम जोराच्या खेळाडूने दोन्ही बाळगण्यापेक्षा टीबर्डच घ्यावा, असे माझे मत आहे.

शंका उरल्यास दोन्ही डिस्क आलटून पालटून फेकाव्यात, कारण एकीच्या दहा फेकींनंतर दुसरीची पाळी येईपर्यंत हात थकलेला असतो. शक्य तर समोरून वारा असताना फेकावे. त्या वेळी डिस्कच्या दृष्टीने हवेचा वेग वाढतो, टर्न ठळक होतो आणि शांत हवेत लपलेला फरक उघडा पडतो. दोन्ही डिस्क अशा वाऱ्यातही एकाच ठिकाणी पडल्या, तर त्यांतली एक घरी ठेवायला हरकत नाही. मात्र ती जपून ठेवावी, कारण बॅगेतली डिस्क झाडांवर आपटून झिजली की अंडरस्टेबल, म्हणजे उजवीकडे अधिक कलणारी, होते, आणि तेव्हा ही नवी तिच्या शेजारी खरोखर वेगळी ठरते.