१५ कप की एक कप?

जेवायला हाक आली म्हणून एक मुलगा दार ढकलतो. दारामागे खुर्चीवर कपांचा ट्रे आहे हे त्याला ठाऊक नसतं. १५ कप फुटतात. दुसरा मुलगा आई बाहेर गेलेली पाहून कपाटातला जॅम काढायला वर चढतो, त्या धडपडीत एक कप फुटतो. जास्त वाईट वागलं कोण?

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांना असे प्रश्न विचारले आणि १९३२मध्ये निष्कर्ष मांडले. सहा-सात वर्षांची बरीच मुलं म्हणाली, १५ कप फोडणारा. नऊ-दहाची म्हणाली, जॅमवाला. धाकट्यांना नुकसान दिसतं, थोरल्यांना हेतू. (पियाजेंनी धाकट्यांना जरा कमीच लेखलं. हेतू चित्रांतून उलगडून दाखवला, तर तीन-चार वर्षांची पोरंही तो ध्यानात घेतात, असं पुढे दिसून आलं.)

शिक्षेबद्दलही त्यांनी विचारलं. लहान मुलांना जितकी कडक तितकी शिक्षा योग्य वाटे. मोठी मुलं मात्र चुकीशी नातं असलेली शिक्षा निवडत: मोडलंस तर दुरुस्त कर, सांडलंस तर पूस. अंगठे धरून उभं राहण्याचा आणि न केलेल्या गृहपाठाचा संबंध काय, हे पाचवीतल्या मुलाला कळत नाही ते यामुळेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे, तरी उठाबशा अजून पुरत्या गेलेल्या नाहीत.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल यांचं काम. त्यांच्या पठडीतले संशोधक मुलांना विचारतात, "बाई चालेल म्हणाल्या, तर?" गणवेशाविना यायला बाईंनी परवानगी दिली, तर मुलांच्या मते काही बिघडत नाही. पण बाईंनी परवानगी दिली म्हणून दुसऱ्याला मारलं तर? बालवाडीच्या वयाची मुलंही म्हणतात, तरी ते वाईटच. त्याला लागतं ना! म्हणजे शाळेचा नियम आणि दुसऱ्याला होणारी इजा यांतला फरक त्यांना समजतो. आमच्या शाळांत मात्र केस वाढले, बिल्ला विसरला, शेजारच्याला ढकललं, सगळ्याला एकच शेरा: 'बेशिस्त'. ढकलणाऱ्याशी "त्याला किती लागलं बघ" असं बोलावं लागतं. बिल्ल्यासाठी वहीत एक ओळ पुरे.

आठवी-नववीत गणित आणखी बदलतं. या मुलांना चूक-बरोबर चांगलं कळतं, अडतं ते दोस्तांसमोर. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५च्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात मित्र शेजारी असताना किशोरवयीनांनी एकट्यापेक्षा जास्त धोका पत्करला. प्रौढांवर तो परिणाम तितका झाला नाही. भर वर्गात "उभा राहा, सांग सगळ्यांना काय केलंस" असं फर्मावलं, की चौदा वर्षांचा मुलगा उत्तर देतो ते मागच्या बाकाला ऐकवायला. तोच मुलगा मधल्या सुट्टीत सरांशी एकटा असला, तर बहुधा वेगळं बोलेल.