कुष्ठरोगनिदान : लक्षणे आणि ऊतक-तपासणी यांचा मेळ

कुष्ठरोगाच्या रुग्णात तपासताना आढळलेली लक्षणे आणि त्याच्याच चट्ट्याच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे बदल एकमेकांशी पडताळून पाहण्याची पद्धत. दोन्हींसाठी मोजपट्टी एकच, रिडली व जॉपलिंग यांचे १९६६ चे वर्गीकरण: टीटी (ट्युबरक्युलॉइड) व एलएल (लेप्रोमॅटस) ही दोन टोके आणि बीटी, बीबी, बीएल हे त्यांच्या मधले (बॉर्डरलाइन) प्रकार; सुरुवातीचा अनिश्चित प्रकार वेगळा धरतात.

तुकडा चट्ट्याच्या मधला नको, वाढत्या कडेचा हवा. ४ ते ५ मिमीच्या पंचने (त्वचेचा गोल तुकडा कापणाऱ्या उपकरणाने), खालची चरबी येईल इतका खोल घेऊन तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. उथळ तुकड्यात खोलवरचे मज्जातंतू येतच नाहीत आणि मग अहवाल हमखास मोघम येतो. जंतूंसाठी फाइट-फराको रंग वापरावा. नेहमीच्या झील-नील्सन पद्धतीत कुष्ठजंतूचा रंग सहज धुऊन जातो. फाइटमध्ये काचपट्टीवरचे मेण काढताना झायलिनमध्ये शेंगदाण्याचे तेल मिसळतात. त्या तेलाने जंतूचे मेणचट आवरण टिकते.

टीटीमध्ये चट्टा ठसठशीत कडेचा, कोरडा व बधिर असतो. काचपट्टीवर एपिथेलिऑइड पेशींचा (बदललेल्या मॅक्रोफेजांचा) ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहपेशींचा पुंजका, थेट बाह्यत्वचेला भिडलेला आणि मज्जातंतू पोखरलेला दिसतो. जंतू बहुधा सापडत नाहीत. एलएलमध्ये फेसाळ मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) जंतूंच्या गठ्ठ्यांनी भरलेले असतात आणि बाह्यत्वचेखाली एक मोकळा पट्टा राहतो.

या दोन टोकांना मेळ चांगला बसतो. बीबी व अनिश्चित प्रकारात तो ढासळतो. याला प्रयोगशाळेची चूक म्हणणे बहुतेक वेळा अन्यायाचे ठरते. डॉक्टर सगळे शरीर पाहतो, पॅथॉलॉजिस्टपुढे एकाच चट्ट्याचा तुकडा असतो आणि एकाच रुग्णाचे दोन चट्टे वेगळ्या प्रकारचे असू शकतात. शिवाय पहिल्या प्रकारच्या प्रतिक्रियेत (प्रतिकारशक्ती अचानक उसळून चट्टे व नसा सुजतात तेव्हा) सूज आल्याने ग्रॅन्युलोमा विस्कळीत दिसतो. म्हणून तुकड्यासोबत चट्ट्यांची संख्या, बधिरता, जाड झालेल्या नसा आणि झालेले उपचार लिहून पाठवणे आवश्यक आहे.

चट्टा निश्चित बधिर असेल, तर ‘विशिष्ट बदल नाहीत’ या अहवालावरून कुष्ठरोग नाकारू नये. उलट, चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना बऱ्याचदा टिकून असते; तिथे ऊतक-तपासणीचे वजन वाढते. पाचपर्यंत चट्टे असलेल्या रुग्णाला अल्पजंतू धरून ६ महिन्यांचे उपचार देतात, पण त्वचेत जंतू सापडले तर चट्टे कितीही कमी असोत, तो बहुजंतू ठरतो आणि उपचार १२ महिने चालतात.