घर घेतले की विकले? कॅन्टोनीज ऐकणाऱ्या यंत्राची परीक्षा

व्हिडिओची फाइल संगणकाला द्यावी, भाषांच्या यादीतून ‘चायनीज’ निवडावे आणि थोड्याच वेळात सगळे संभाषण अक्षरांत उतरून मिळावे, असे आता अनेकांना वाटते. बोलणे मजकुरात उतरवणारी साधने खरोखरच चांगली झाली असल्यामुळे हा समज अगदी निराधार नाही. मात्र ‘चायनीज म्हणजे एकच भाषा’ हे त्यामागचे गृहीतक चुकीचे आहे. हाँगकाँग, मकाव आणि ग्वांगडोंग प्रांतात बोलली जाणारी कॅन्टोनीज ही वेगळी शिकल्याशिवाय बीजिंगच्या माणसाला ऐकून समजत नाही. तिचे भाषक आठ कोटींच्या घरात, म्हणजे साधारण मराठीइतकेच आहेत.

या भाषेत शब्दाचा अर्थ व्यंजन आणि स्वर यांच्याइतकाच आवाजाच्या उंचीवर अवलंबून असतो. असे सहा सूर तिच्यात आहेत. ‘सी’ हा एकच उच्चार सहा सुरांत केला की अनुक्रमे कविता, इतिहास, परीक्षा, वेळ, बाजार आणि बाब असे सहा वेगळे शब्द होतात. मला यातली सर्वांत विलक्षण जोडी वाटते ती ‘माई’ची. खालच्या पट्टीत सुरू करून आवाज किंचित वर नेला तर ‘माई’ म्हणजे विकत घेणे, आणि त्याच पट्टीत तो सपाट ठेवला तर ‘माई’ म्हणजे विकणे. पुष्कळदा संदर्भावरून अर्थ लागतो हे खरे. पण ‘त्याने घर घेतले’ आणि ‘त्याने घर विकले’ ही दोन्ही वाक्ये सारखीच संभाव्य असतात. तिथे निवाडा करायचा तो फक्त सुराने.

हा सूर यंत्र मोजते कसा, हा या विषयाचा गाभा आहे. आपण बोलतो तेव्हा स्वरतंतू ठरावीक गतीने कंप पावतात, पुरुषांत साधारणपणे सेकंदाला ११० वेळा आणि स्त्रियांत २२० वेळा. ध्वनिमुद्रणात हवेचा दाब सेकंदाला १६,००० वेळा नोंदवला, तर ११० कंपनांच्या आवाजात एका कंपनाच्या वाट्याला सुमारे १४५ नोंदी येतात. मग संगणक आवाजाचा एक छोटा तुकडा घेतो, त्याचीच प्रत थोडी थोडी पुढे सरकवतो आणि दोन्ही कुठे तंतोतंत जुळतात हे पाहतो. १४५ नोंदींवर जुळले, म्हणजे आवाजाची उंची ११० ठरली. अडचण अशी की २९० नोंदींवरही ते तितकेच छान जुळते आणि मग यंत्राला आवाज एक सप्तक खाली, ५५ वर असल्याचा भास होतो. ‘स’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांत स्वरतंतू कंपच पावत नाहीत, त्यामुळे तिथे उंचीची रेघ तुटते. व्हिडिओत पार्श्वसंगीत असेल तर त्याचे सूर या रेघेत मिसळतात ते वेगळेच.

एवढे करून मिळालेला आकडाही एकटा निरुपयोगी असतो. पेटीच्या साथीने एक जण काळी एकमध्ये गातो आणि दुसरी काळी पाचमध्ये, तरी दोघांचा ‘सा’ हा ‘सा’च असतो, कॅन्टोनीजचे सूरही तसेच बोलणाऱ्याच्या पट्टीशी सापेक्ष आहेत. त्यामुळे यंत्राला आधी त्या माणसाची पट्टी ओळखावी लागते आणि मग कंपनसंख्यांतील फरक न पाहता त्यांची गुणोत्तरे पाहावी लागतात. त्यातच लांब वाक्याच्या शेवटाकडे आवाज आपोआप उतरत जातो, आणि प्रश्न विचारताना शेवटचे अक्षर वर चढते. अशा प्रश्नाच्या शेवटी ‘माई’ आला तर घेणे आणि विकणे यांतला फरक माणसाच्या कानालाही अवघड जातो.

आजच्या बहुतेक प्रणाली सूर असा वेगळा मोजत नाहीत. त्या आवाजाचे वारंवारितांच्या, म्हणजे कंपनसंख्यांच्या, पट्ट्यांत विभागलेले चित्र तयार करतात आणि ते उदाहरणांवरून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कला देतात. या पट्ट्या रुंद असल्या की शेजारशेजारच्या वारंवारिता एकमेकींत मिसळतात आणि सुराची रेघ पुसट होते. ओपनएआयच्या ‘व्हिस्पर’ प्रणालीच्या नोव्हेंबर २०२३ मधील आवृत्तीत पट्ट्या ८० वरून १२८ झाल्या आणि कॅन्टोनीजला प्रथमच स्वतःची स्वतंत्र भाषाखूण, म्हणजे यंत्राला ‘ही कॅन्टोनीज’ असे सांगणारे चिन्ह, मिळाली.

दुसरी अडचण लेखी भाषेची आहे. हाँगकाँगच्या दूरचित्रवाणीवर माणसे बोलतात कॅन्टोनीज, पण खालची उपशीर्षके बहुधा प्रमाण लिखित चिनीत असतात, जिचे शब्द आणि रचना मँडरिनच्या, म्हणजे बीजिंगकडच्या बोलीवर आधारित प्रमाण चिनीच्या, जवळच्या आहेत. वऱ्हाडी माणूस ‘काय करून राहिला’ म्हणाला आणि खाली ‘काय करत आहेस’ असे उमटले, तर अर्थ पोहोचतो पण त्याचे बोलणे नोंदले जात नाही. अशा जोड्यांवर शिकलेले यंत्र लेखनिक न होता नकळत अनुवादक बनते. न्यायालयीन साक्ष किंवा आजीच्या आठवणी जतन करायच्या असतील, तर हे चालणार नाही.

‘९५ टक्के अचूक’ अशा जाहिरातींपासूनही सावध राहिले पाहिजे. चुका अक्षरे मोजून ठरवतात, आणि कॅन्टोनीजमधला नकार म्हणजे ओठ मिटून काढलेला इवलासा ‘म्’ असतो. तो गोंगाटात हरवला तर शंभर अक्षरांत एकच चूक होते, पण ‘येणार नाही’चे ‘येणार’ होऊन जाते. शिवाय शांत जागी कोणी बोलतच नसताना काही यंत्रे ‘उपशीर्षके अमुक यांच्या सौजन्याने’ अशा, शिकताना पाहिलेल्या ओळी मजकुरात घुसडतात.

याच भाषेत ‘चार’ आणि ‘मरणे’ हे दोन्ही ‘सेई’ आहेत, फरक केवळ सुराचा. एवढ्यावरून हाँगकाँगच्या कित्येक इमारतींत चौथा आणि चौदावा मजलाच नसतो. म्हणजे प्रत्यक्षात चौथ्यावर असलेले लोक पाचव्यावर राहतात आणि वास्तवात काहीच बदलत नाही. आपल्याकडे नावाच्या स्पेलिंगमध्ये अक्षर वाढवून भाग्य बदलू पाहणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

व्यवहारात यंत्राचा मसुदा तपासताना पूर्ण ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकायला वेळ नसेल, तर निदान आकडे, नकार आणि ‘माई’ असलेली प्रत्येक जागा कान देऊन ऐकावी. यंत्र प्रत्येक अक्षरासोबत स्वतःच्या खात्रीचे माप काढत असते. ते दाखवण्याची सोय असेल तर कमी खात्रीची अक्षरे आधी पाहावीत. मात्र ‘घेतले’ आणि ‘विकले’ यांत चुकीचा शब्द निवडतानाही ते माप कधी कधी भरपूर असते.