कॉपीराइटची नोटीस आणि कॉन्टेंट आयडीचा दावा: एकच वाटणाऱ्या दोन गोष्टी

यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ दिसेनासा झाला, त्यातला आवाज बंद झाला किंवा त्यावरच्या जाहिरातीचे पैसे भलत्याच्याच खात्यात जाऊ लागले, की आपण सरसकट ‘कॉपीराइट लागला’ असे म्हणतो. या दोन शब्दांखाली मात्र दोन वेगळ्या यंत्रणा दडलेल्या असतात. पहिली म्हणजे अमेरिकेच्या 1998 सालच्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यानुसार, म्हणजेच डीएमसीएनुसार, हक्कधारकाने पाठवलेली नोटीस. दुसरी म्हणजे कॉन्टेंट आयडी या यूट्यूबच्या स्वतःच्या प्रणालीने नोंदवलेला दावा. पहिली कायद्यातून आली आहे, तर दुसरी एका कंपनीने हक्कधारकांशी केलेल्या व्यवस्थेतून. आपल्या व्हिडिओवर यांपैकी नेमके काय आले आहे हे ज्याला ओळखता येत नाही, तो आपल्या हातातला उपाय गमावून बसतो, म्हणून हा भेद नीट समजून घेणे मला अत्यंत गरजेचे वाटते.

या दोन्हींचे मूळ सुरुवातीच्या व्हिडिओ संकेतस्थळांच्या आकर्षणातच आहे. 2005 पूर्वी इंटरनेटवर व्हिडिओ दाखवणे कटकटीचे होते. फाइल मोठी असे, ती चालवण्यासाठी पाहणाऱ्याच्या संगणकावर योग्य प्लेअर आणि कोडेक (फाइल उलगडणारा प्रोग्राम) असावा लागे, आणि व्हिडिओ लोकप्रिय झालाच तर बँडविड्थचा खर्च तो ठेवणाऱ्याच्या अंगावर येई. व्हिमिओ, डेलीमोशन, यूट्यूब यांसारख्या संकेतस्थळांनी हा भार स्वतःकडे घेतला. यूट्यूबने तर बहुतेक ब्राउझरमध्ये आधीपासूनच असलेल्या फ्लॅश प्लेअरचा आधार घेतला, निरनिराळ्या प्रकारच्या फाइली स्वीकारून त्या स्वतःच बदलून घेतल्या आणि व्हिडिओ दुसऱ्या पानावर डकवण्यासाठी कोडही दिला. 23 एप्रिल 2005 रोजी तेथे पहिला व्हिडिओ चढला, आणि 2006 च्या जुलैपर्यंत रोज 10 कोटी व्हिडिओ पाहिले जात असल्याचे व सुमारे 65,000 नवे व्हिडिओ चढत असल्याचे कंपनी सांगू लागली.

या सगळ्या सोयींत सर्वांत मोठी सोय अशी की व्हिडिओ चढवण्यापूर्वी कोणाची परवानगी घ्यावी लागत नसे. घरातल्या बाळाचे पहिले पाऊल ज्या वाटेने आले, त्याच वाटेने दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रमही आला. 2005 च्या डिसेंबरमध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमातील ‘लेझी संडे’ ही छोटी चित्रफीत तेथे प्रचंड गाजली आणि 2006 च्या फेब्रुवारीत एनबीसी वाहिनीच्या मागणीवरून ती काढण्यात आली. पुढच्याच महिन्यात यूट्यूबने दहा मिनिटांची मर्यादा घातली. तेव्हा लोक पूर्ण भागाचे तुकडे करून ते ओळीने चढवू लागले.

अशा वेळी संकेतस्थळ तरले ते डीएमसीएच्या कलम 512 मुळे. वापरकर्त्यांनी ठेवलेल्या साहित्याबद्दल सेवा देणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागू नये, यासाठी हे कलम काही अटी घालते: विशिष्ट उल्लंघनाची माहिती नसावी, माहिती मिळताच साहित्य तातडीने काढावे, आणि वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करण्याचे धोरण असावे. प्रत्येक फाइल आधी तपासण्याचे बंधन मात्र कायदा घालत नाही. शोधण्याचे काम हक्कधारकाचे आणि काढण्याचे काम संकेतस्थळाचे, अशी ही विभागणी आहे. 2007 च्या फेब्रुवारीत व्हायाकॉम कंपनीने एकाच वेळी 1,00,000 हून अधिक चित्रफितींबद्दल नोटीस दिली आणि पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत त्यांतल्या जवळपास सर्व काढल्या गेल्या. तरीही मार्चमध्ये व्हायाकॉमने यूट्यूबविरुद्ध न्यायालयात 1 अब्ज डॉलरचा खटला भरलाच, कारण एक प्रत काढली तर दुसरी चढत होती आणि पहारा कायम हक्कधारकालाच द्यावा लागत होता.

कॉन्टेंट आयडी ही या पहाऱ्याच्या प्रश्नाची सोडवणूक होती. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये तिची सुरुवात झाली. हक्कधारक आपल्या कृतीची संदर्भफाइल देतो, प्रणाली तिचा डिजिटल ठसा तयार करते आणि चढणाऱ्या प्रत्येक व्हिडिओशी तो ताडून पाहते. जुळले तर व्हिडिओ अडवायचा, त्यावर जाहिराती लावून पैसे घ्यायचे, की फक्त आकडेवारी पाहायची, हे हक्कधारकाने आधीच ठरवून ठेवलेले असते. व्हायाकॉमनेही 2008 साली ही गाळणी लागू झाल्यानंतरच्या काळासाठी भरपाई मागितली नाही, यावरून तिचे वजन लक्षात येईल. (तो खटला 2014 च्या मार्चमध्ये तडजोडीने मिटला.)

आता दोन्हींतला खरा फरक पाहू. नोटिशीमागे सही करणारी जबाबदार व्यक्ती असते. आपल्याला हक्कधारकाच्या वतीने बोलण्याचा अधिकार आहे, हे ती खोट्या साक्षीच्या शिक्षेची जोखीम पत्करून लिहून देते, आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्यास तिच्यावर दावा लावता येतो. व्हिडिओ चढवणाऱ्याला प्रतिनोटीस देता येते. त्यानंतर हक्कधारक न्यायालयात गेला नाही, तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत व्हिडिओ परत येतो. 2007 साली एका आईने आपले बाळ नाचतानाचा 29 सेकंदांचा व्हिडिओ ठेवला होता आणि मागे प्रिन्स या गायकाचे गाणे वाजत होते. युनिव्हर्सल या संगीत कंपनीच्या नोटिशीने तो निघाला, आईच्या प्रतिनोटिशीने परत आला, आणि 2015 साली अमेरिकेतील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितले की नोटीस देण्यापूर्वी हक्कधारकाने न्याय्य वापराचा, म्हणजे टीकेसारख्या कारणांसाठी परवानगीशिवायही कायद्याने चालणाऱ्या वापराचा, विचार केलाच पाहिजे.

यंत्र असा विचार करू शकत नाही. त्याला सूर जुळलेला कळतो. टीकेसाठी घेतलेला उतारा आणि चोरलेला उतारा यांतला भेद कळत नाही. शिवाय कॉन्टेंट आयडीच्या दाव्यावर घेतलेली हरकत प्रथम दावेदाराकडेच जाते आणि उत्तरासाठी त्याला 30 दिवस असतात. सुरुवातीच्या काळात काही प्रकारच्या दाव्यांत त्याने हरकत फेटाळली की विषय तेथेच संपे. अपिलाची सोय 2012 च्या ऑक्टोबरमध्ये आली. ज्याचा दावा त्यानेच निवाडा करावा, ही रचना इतकी वर्षे चालली हे मला गंभीर वाटते, कारण त्या काळात अशा दाव्यांत सामान्य माणसाला आपले म्हणणे तिसऱ्या कोणापुढे मांडण्याची सोय या प्रणालीत नव्हती.

परिणामांतही अंतर आहे. दाव्यामुळे सहसा फक्त त्या व्हिडिओचे उत्पन्न किंवा दिसणे अडते. नोटिशीने व्हिडिओ निघाला तर खात्यावर स्ट्राइक, म्हणजे उल्लंघनाची ताकीदवजा नोंद, लागतो, आणि 90 दिवसांत असे तीन लागले तर खाते बंद होऊ शकते. म्हणूनच अपील करताना पुढची पायरी माहीत असावी: अपील दावेदाराला मान्य नसल्यास त्याला डीएमसीएची कायदेशीर नोटीस द्यावी लागते, म्हणजे स्ट्राइकचा धोका त्या क्षणी सुरू होतो आणि प्रतिनोटिशीचा हक्कही त्याच क्षणी मिळतो.