लेबनीज कोणाला म्हणायचे : पार्श्वभूमी

लेबनॉन हे मुळात डोंगराचे नाव. १८६१ मध्ये ऑटोमन (तुर्की) अमलाखाली या डोंगराळ मुलखाला वेगळा प्रशासकीय दर्जा मिळाला, पण बैरूत, त्रिपोली, सैदा त्यात नव्हते. ऑटोमन अमलानंतर आलेल्या फ्रेंचांनी १ सप्टेंबर १९२० रोजी ही शहरे, दक्षिणेचा भाग आणि बेका खोरे जोडून ‘बृहद् लेबनॉन’ जाहीर केले. मॅरोनाइट या ख्रिश्चन पंथाच्या पुढाऱ्यांना ते हवेच होते. किनाऱ्यावरच्या अनेक सुन्नींना सीरियापासून तुटणे पसंत नव्हते. परदेशी गेलेल्यांना तर तोवर दक्षिण अमेरिकेत ‘तुर्की’ आणि अमेरिकेत ‘सीरियन’ म्हणत.

कायद्याने लेबनीज कोण, हे १९२४ मध्ये ठरले. त्या वर्षी ३० ऑगस्टला या हद्दीत राहणारे ऑटोमन प्रजाजन लेबनीज धरले गेले. जानेवारी १९२५ च्या हुकुमाने पुढचा नियम घातला: बाप लेबनीज, तर मूल लेबनीज.

खरा गुंता झाला तो १९३२ च्या जनगणनेने. देश सोडून गेलेल्या अनेकांची नोंद तिच्यात झाली. त्यांत ख्रिश्चन बहुसंख्य होते, त्यामुळे ख्रिश्चनांचे पारडे जड झाले. उलट सीरियाच्या सीमेवरच्या वादी खालेदमधले बदू (बेदुईन) अरब तिथेच राहत असूनही नोंदीबाहेर राहिले. याच आकड्यांवर पुढे संसदेत सहास पाच असे ख्रिश्चन-मुस्लिम प्रमाण बसवले गेले. यादवी संपवणाऱ्या १९८९ च्या ताइफ कराराने ते निम्मे-निम्मे केले, पण १९३२ नंतर अधिकृत जनगणना आजतागायत झालेली नाही. १९३२ च्या नोंदवह्या मात्र अजून जिवंत आहेत. बैरूतमध्ये जन्म गेलेला माणूसही मतदानाला आजोबा-पणजोबांची नोंद असलेल्या गावी जातो, आणि मुलीचे लग्न झाले की तिचे नाव नवऱ्याच्या घराण्याच्या वहीत जाते.

नोंदीबाहेर राहिलेल्यांची पोरे-नातवंडे ‘मक्तूम अल-कैद’, म्हणजे नोंद नसलेले, म्हणून वाढली. शाळेचा दाखला असो की सरकारी नोकरी, प्रत्येक दारात अडली. १९९४ च्या हुकुमाने वादी खालेदच्या लोकांसह हजारोंना नागरिकत्व मिळाले. त्यात मुस्लिमांची संख्या जास्त, म्हणून लगेच न्यायालयात आव्हान दिले गेले. त्या यादीत राजकीय सोयीने घुसवलेली नावे होती हा आक्षेप गंभीर आहे. पण साठ वर्षे ताटकळलेल्यांना त्याच मापाने मोजणे अन्यायाचे होते.

आईच्या बाबतीत तर १९२५ चाच नियम चालू आहे. लेबनीज बाईने परदेशी माणसाशी लग्न केले, तर तिचे मूल लेबनीज होत नाही. त्याच कायद्यात विवाहबाह्य मुलाला, मातृत्व आधी सिद्ध झाले तर, आईचे नागरिकत्व मिळू शकते. २०१५ च्या कायद्याने परदेशस्थांच्या वंशजांना नागरिकत्व परत मिळवण्याची वाट खुली केली, तीही बापाकडूनच्या वंशाला. साओ पावलोत जन्मलेल्या, अरबी न येणाऱ्या पणतूला त्या कायद्याने अर्ज करता आला. बैरूतच्या शाळेत शिकणारी, लेबनीज आईची मुलगी निवास परवान्याचे नूतनीकरण करत राहते.