चित्राला ‘म्हणे’ लावता येत नाही: निवेदक आणि कॅमेरा

इंग्रजी साहित्याच्या वरच्या वर्गांत कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट एकत्र अभ्यासाला असला, की उत्तरांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘कादंबरीत निवेदकाचं जे काम, तेच चित्रपटात कॅमेऱ्याचं.’ वाचताक्षणी पटावं असं आहे. मलाही ते बरीच वर्षं पटत होतं. पण त्यावर भिस्त ठेवून एखादा प्रसंग बारकाईने उलगडायला घेतला, की गाडी अडते.

फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये दोन प्रश्न वेगळे काढले: बोलतं कोण आणि पाहतं कोण? प्रथमपुरुषी कादंबरीत दोन्हींचं उत्तर ‘मी’ असंच येतं, म्हणून तिथे हा फरक सहज नजरेतून सुटतो. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ची (१८६०–६१) सुरुवात पाहा. कबरस्तानात पळून आलेला कैदी गोष्ट सांगणाऱ्या नायकाला, छोट्या पिपला, उलटा धरून त्याचे खिसे रिकामे करतो. सगळं चर्चच कोलांटी खातं, मनोरा पायाखाली दिसतो, आणि मग चर्च ‘भानावर येतं’. मनोरा पायाखाली पाहणारं ते घाबरलेलं पोर आहे. पण ‘चर्च भानावर आलं’ हे त्या पोराला सुचणार नाही. ते बोलतोय मोठा झालेला पिप, त्या भीतीकडे मायेने आणि मिश्कीलपणे मागे वळून पाहत. एकाच वाक्यात दोन वयं नांदतात.

कॅमेरा उलटा धरला तर मनोरा खाली दिसेल. मिश्कीलपणा मात्र त्या चौकटीत उतरणार नाही, कारण तो पाहण्यात नाही, बोलण्यात आहे. या कादंबरीवरच्या डेव्हिड लीनच्या १९४६ च्या चित्रपटात सुरुवातीला मोठ्या पिपचा आवाज ऐकू येतो, पण कबरस्तानात चित्रंच बोलू लागतात, आणि आपण बहुतेक वेळ पिपच्या डोळ्यांनी पाहण्याऐवजी भेदरलेल्या पिपकडे पाहत असतो. कादंबरीतल्या ‘मी’चा चित्रपटात ‘तो’ होतो. याला माध्यमांतरातली चूक म्हणणारी उत्तरं वाचली की वाईट वाटतं. लीनने पिपची भीती बाहेरून दाखवायचं ठरवलं, आणि ती तितकीच अंगावर येते.

मग कॅमेऱ्यालाच ‘मी’ केलं तर? तसं करून झालं आहे. रेमंड चँडलरची ‘द लेडी इन द लेक’ (१९४३) प्रथमपुरुषी आहे. रॉबर्ट माँटगोमेरीने १९४७ मध्ये तिच्यावरचा जवळजवळ अख्खा चित्रपट गुप्तहेराच्या नजरेतून चित्रित केला. इतर पात्रं थेट भिंगात बघून बोलतात आणि गुप्तहेर स्वतः दिसतो तो मुख्यतः आरशात. अपेक्षा अशी, की प्रेक्षक त्याच्या मनात शिरेल. घडतं उलटंच. पडद्यावर माणसाचं मन आपण चेहऱ्यावरून वाचतो, आणि इथे नेमका तोच चेहरा काढून घेतला आहे. पुस्तकातला ‘मी’ काय दिसलं तेवढंच सांगत नाही. दिसलेल्याचं त्याला काय वाटलं, तेही त्याच शब्दांत येतं. कॅमेऱ्याने त्याचे डोळे घेतले, पण शेरे मागेच राहिले.

तिसरा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो सांगायला मराठीत एक छोटासा शब्द आहे: म्हणे. ‘तो जंगलात गेला’ आणि ‘तो जंगलात गेला म्हणे’. दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याने खरेपणाची जबाबदारी अंगावरून झटकली. भाषेला हे चुटकीसरशी जमतं. चित्राला ‘म्हणे’ लावता येत नाही.

जपानी लेखक अकुतागावाच्या ‘इन अ ग्रोव्ह’ (१९२२) या कथेत एका खुनाबद्दलच्या सात जबान्या आहेत. प्रत्येकीत बोलणाऱ्याचा आवाज शेवटपर्यंत कानात राहतो, म्हणून वाचक सावध असतो. याच कथेवरच्या कुरोसावाच्या ‘राशोमोन’ या चित्रपटात (१९५०) साक्षीदार कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतात. न्यायाधीश दिसत नाही, ऐकूही येत नाही. साक्षीदार बोलू लागतो, आणि क्षणात आपण जंगलात असतो. दर वेळी पानांतून येणारं ऊन तितकंच खरं, घाम तितकाच खरा. ती चित्रं कुणाच्या तरी तोंडची आहेत, हे विसरायला होतं.

म्हणून अशा प्रसंगावर लिहिताना ‘कॅमेरा सांगतो’ लिहिण्याआधी मी विद्यार्थ्यांना प्रत्येक शॉटला मनातल्या मनात ‘म्हणे’ लावून बघायला सांगते. लागला, तर तो कुणाचा, हे शोधायचं. पुढच्या परिच्छेदाचा विषय तिथेच सापडतो.

‘राशोमोन’मध्ये प्रेत सापडल्याची साक्ष देणाऱ्या लाकूडतोड्याची चौथी आणि शेवटची हकीकत सांगितली जाते तेव्हा बहुतेक जण ‘म्हणे’ लावायला विसरतात. त्या चित्रांतली मारामारी केविलवाणी आहे, हात थरथरतात, कुणीही शूर दिसत नाही. शिवाय ती सगळ्यांच्या शेवटी येते. म्हणून उत्तरांत तिला बिनदिक्कत ‘सत्य’ म्हटलं जातं. पण लाकूडतोड्याने आधी न्यायालयात बरंच काही लपवलेलं असतं, आणि खुनाच्या जागेवरून नाहीसा झालेला खंजीर त्यानेच उचलला, हा आरोप तोंडावर आल्यावर त्याला उत्तर सुचत नाही. त्या चौथ्या जंगलालाही ‘म्हणे’ लागतो.