वुडपिजनच्या शिकारीतले डिकॉय

शिकारीचा पक्षी बंदुकीच्या टप्प्यात यावा म्हणून शेतात किंवा पाण्यावर मांडलेले त्याच्याच जातीचे खोटे, मेलेले किंवा पाळीव पक्षी म्हणजे डिकॉय. मराठीत त्यांना फसवे पक्षी किंवा भुलवणीचे पक्षी म्हणता येईल. बुजगावणे पाखरांना शेतातून हाकलते, डिकॉय त्यांना शेतात बोलावतो. कबुतरांच्या बाबतीत मात्र दोन्हींमागे पीक वाचवणे हेच कारण दिले जाते. ही नोंद ब्रिटनमधल्या वुडपिजन या रानकबुतरासाठी वापरल्या जाणाऱ्या डिकॉयपुरती आहे. पिंजऱ्यातून जिवंत कबुतरे सोडून त्यांवर नेम धरण्याचा खेळ वेगळा. तो १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये झाला होता आणि ब्रिटनने १९२१ मध्ये कायदा करून तो बंद केला. आजच्या ट्रॅप नेमबाजीत हवेत फेकल्या जाणाऱ्या ‘क्ले पिजन’ चकत्या त्याच खेळाच्या वारस आहेत.

वुडपिजन आपल्या इमारतींवरच्या पारव्यापेक्षा बराच मोठा असतो. लांबी साधारण ४० सेंमी., वजन अर्धा किलोच्या आसपास, रंग निळसर राखाडी, छातीवर फिकट गुलाबी झाक. त्याच्या अंगावर दोन ठिकाणी ठळक पांढरा रंग असतो. एक मानेच्या दोन्ही बाजूंना, तोही फक्त प्रौढ पक्ष्यात. दुसरा पंखावर आडवा पट्टा. पंख मिटलेले असताना तो कडेला जेमतेम रेघेएवढा दिसतो आणि पंख उघडताच लांबून चमकतो. डिकॉय निवडण्यातली अर्ध्याहून अधिक डोकेफोड या दोन पांढऱ्या खुणांभोवती फिरते.

ब्रिटनमध्ये या पक्ष्याच्या विणीच्या ५० लाखांहून अधिक जोड्या आहेत. वाटाणा, कोबीवर्गीय भाज्या, पेरलेले धान्य आणि विशेषतः हिवाळ्यात हिरवे राहणारे रेपसीड (मोहरीच्या कुळातले तेलबियांचे पीक) यांवर थवेच्या थवे उतरतात. १९७० नंतर रेपसीडखालचे क्षेत्र वाढत गेले, तशी पूर्वी हिवाळ्यात उपासमारीने मरणारी कबुतरे जगू लागली. त्याआधी सरकार कबुतरे मारण्यासाठी काडतुसांवर अनुदान देत असे. कृषी खात्याचे पक्षिशास्त्रज्ञ आर. के. मर्टन यांनी दाखवून दिले की हिवाळ्यात गोळीने मेलेली बहुतेक पाखरे एरवी उपासमारीने मेलीच असती, त्यामुळे एकूण संख्येवर फरक पडत नाही. १९६० च्या दशकाअखेर ते अनुदान थांबले. शिकार थांबली नाही. डिकॉय मांडून बसणे हा तिचा मुख्य प्रकार झाला, कारण त्यात पाखरे नेमक्या त्याच शेतावर मारली जातात जिथे नुकसान चालू आहे. हॅम्पशरचे मेजर आर्ची कोट्स यांनी तर हा पूर्ण वेळेचा व्यवसाय केला होता. १९६२ च्या जानेवारीत एका दिवसात त्यांनी टिपलेली ५५० कबुतरे हा आकडा तिथले शिकारी अजून सांगतात.

पक्ष्याला काय दिसते

दुकानात डिकॉय हातात घेऊन बघणारा माणूस चोच, डोळा, पिसांची रेखाटणी तपासतो. कबुतराला यातले काहीच दिसण्याची गरज नसते. तो दोनशे-तीनशे मीटरवरून, उंचावरून, उडता उडता निर्णय घेतो: खाली आपली माणसे निवांत खात आहेत की नाही? म्हणून चांगल्या डिकॉयची परीक्षा तीन गोष्टींत होते. लांबून दिसणारा आकार, रंगाची छटा आणि शरीराची ठेवण. बारीक कलाकुसर ही गिऱ्हाइकासाठी असते.

आकारात थोडे कमीजास्त चालते. रंगात चालत नाही. स्वस्त प्लास्टिकचा मोठा दोष म्हणजे चकाकी. सकाळी दव पडलेले असताना किंवा पावसाची सर येऊन गेल्यावर ऊन पडले, की गुळगुळीत पाठीवरून प्रकाश परततो आणि येणारा थवा शेताच्या कडेवरूनच वळतो. खऱ्या पिसांवर पाणी असे चमकत नाही. यावर उपाय म्हणून बारीक तंतूंचा मखमली लेप दिलेले डिकॉय निघाले. ते ओले झाले तरी मंदच दिसतात, पण चिखल धरून ठेवतात आणि पिशवीत घासून त्यांचे खांदे टकले होतात. जुन्या डिकॉयना बिनचमकीचा राखाडी रंग देऊन पुन्हा वापरणारेही पुष्कळ आहेत. रंग देताना एक चूक सर्रास होते: मानेचा पांढरा डाग ठसठशीत हवा म्हणून तो फार मोठा काढला जातो. प्रत्यक्षात उन्हाळ्याअखेरच्या थव्यात बिनडागाची पिल्ले भरपूर असतात, त्यामुळे काही डिकॉय डागाशिवाय असले तरी बिघडत नाही.

कबुतरांना अतिनील किरण दिसतात हे पारव्यावरच्या प्रयोगांतून सिद्ध झालेले आहे. त्याचा आधार घेऊन ‘अतिनील रंगाचे’ डिकॉय जादा किमतीला विकले जातात. पक्ष्याला तो रंग दिसतो हे खरे. पण त्यामुळे तो जास्त संख्येने उतरतो, हे मान्य करण्यापूर्वी जाहिरातीपलीकडचा पुरावा मागावा.

पांढऱ्या पट्ट्याची गोष्ट अधिक गमतीची आहे. कबुतर दचकून उडाले की पट्टे एकदम उघडतात आणि शेजारच्या पाखरांना इशारा मिळतो. ब्रिटिश कृषी खात्यातल्या इंग्लिस आणि आयझॅकसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मुळात पीक राखण्यासाठी होता. कबुतरांना जास्तीत जास्त घाबरवणारी आकृती कोणती, हे त्यांना शोधायचे होते. जमिनीवर पंख पसरून ठेवलेली, पट्टे दाखवणारी आकृती हे काम करते, असे त्या दिशेच्या प्रयोगांतून पुढे आले. म्हणजे शोभा वाढावी म्हणून मेलेल्या पक्ष्याचे पंख उघडून जमिनीवर मांडणारा शिकारी नकळत बुजगावणेच उभे करत असतो. तोच उघडा पंख जमिनीपासून मीटरभर वर, वाऱ्यावर डोलत असेल तर त्याचा अर्थ बदलतो: कोणीतरी उतरते आहे, जागा सुरक्षित आहे. सगळा फरक ठेवण आणि हालचालीचा आहे. आमच्या मते डिकॉय विकत घेण्याआधी प्रत्येकाने एवढे एकच समजून घेतले तरी पुरे.

प्रकार

पूर्ण आकाराचे प्लास्टिकचे पक्षी लांबून सर्वांत ठसठशीत दिसतात आणि नुकत्याच पेरलेल्या उघड्या रानात उपयोगी पडतात. पण ते जागा फार खातात. लपणाचे (शिकारी दडून बसतो त्या आडोशाचे) जाळे, बसायला स्टूल, काडतुसे, पाणी आणि बंदूक पाठीवर घेऊन ओल्या शेतातून अर्धा मैल चालायचे असेल, तर डझनभर पूर्ण डिकॉय नकोसे होतात. म्हणून खरा खप असतो तो शेल डिकॉयचा. हे म्हणजे पोटाचा भाग नसलेले पोकळ कवच. वाट्या एकात एक बसाव्यात तसे दोन डझन शेल एका पिशवीत मावतात. प्रत्येकाला खालून एक लवचिक काठी लावून ती जमिनीत रोवतात; वाऱ्याची झुळूक आली की कवच किंचित डुलते आणि दाणे टिपणाऱ्या पक्ष्याचा भास होतो. काठी जाड आणि ताठ असेल तर हा सगळा फायदा गेला. शेल घेताना कवचापेक्षा काठी वाकवून बघणे शहाणपणाचे.

कापडाचे, वाऱ्याने फुगणारे डिकॉय आणखी हलके असतात. वारा असेल तर उत्तम, वारा पडला की पोटातली हवा गेल्यासारखे लोंबतात. छापील चपटे पक्षी वरून बरे दिसतात, पण कडेने येणाऱ्या पाखराला नुसती रेघ दिसते.

या सर्वांवर मात करतो तो खरा मेलेला पक्षी. अनुभवी शिकारी आदल्या खेपेचे सहा-आठ पक्षी शीतपेटीत ठेवतात, सकाळी तेच मांडून सुरुवात करतात आणि जसजशी नवी पाखरे पडतील तसतसे प्लास्टिक उचलून त्यांच्या जागी खरी ठेवत जातात. हे काम निगुतीने करावे लागते. पक्षी पोटावर ठेवायचा, पंख अंगाशी मिटायचे, विस्कटलेली पिसे बोटांनी मागे सारायची आणि मान लुळी पडू नये म्हणून हनुवटीखाली दोन बोटे लांबीची काडी खोचायची. उताणा पडलेला पक्षी सर्वांत वाईट: फिकट पोट आकाशाकडे आले की वरून येणारा थवा बिचकतो. म्हणून गोळीबार थोडा थांबला की आधी बाहेर जाऊन पडलेली पाखरे सरळ करायची, रक्ताळलेली आणि फाटलेली मागे घ्यायची, उडालेली पिसे गोळा करायची. उन्हाळ्यात माश्या आणि दुर्गंधी यांमुळे दुपारपर्यंत हा पर्याय संपतो आणि प्लास्टिकची किंमत कळते.

हलणाऱ्या साधनांत फ्लोटर म्हणजे लांब लवचिक सळईवर पंख उघडून बसवलेला पक्षी, आणि मॅग्नेट म्हणजे दोन लांब दांड्यांच्या टोकांना दोन पक्षी लावून १२ व्होल्टच्या बॅटरीवर गोल फिरवणारे यंत्र. मॅग्नेट लांबून थवे खेचतो यात शंका नाही. पण जवळ आल्यावर पाखरे त्याला टाळून उतरायची जागा शोधतात, आणि एकदा गोळ्यांतून वाचलेली पाखरे त्याला ओळखतात. आठवडाभर त्याच शेतावर मॅग्नेट फिरवत ठेवणाऱ्याला नंतर पाखरे लांबूनच वळताना दिसतात. मग तो बंद करून साधे पाच-सहा शेल ठेवले की पुन्हा बरे चालते. वेगही महत्त्वाचा, भिंगरीसारखा गरगरणारा मॅग्नेट कोणत्याही पक्ष्याची नक्कल करत नाही.

किती आणि कसे

हिवाळ्यात रेपसीडवर शेकड्यांनी उतरणाऱ्या थव्यासाठी दोन-अडीच डझनही कमी पडतात. उन्हाळ्यात आडव्या पडलेल्या बार्लीवर जोडीने येणाऱ्या पाखरांना सहा-आठ पुरतात. उभ्या पिकात जमिनीवरचा डिकॉय दिसतच नाही, तिथे उंच काठ्या लागतात. लपणाजवळच्या झाडाच्या शेंड्यावर लांब खांबांनी एक-दोन डिकॉय चढवण्याची पद्धतही आहे.

खाणारी कबुतरे एकमेकांपासून अंतर राखतात. घोळक्याने, माना ताणून उभी असतील तर ती उडण्याच्या बेतात आहेत असा अर्थ होतो. त्यामुळे डिकॉयमध्ये दोन-तीन पावलांचे अंतर ठेवतात आणि माना खाली असलेले जास्त, वर असलेले एखाद-दुसरे घेतात. कबुतर वाऱ्याला तोंड देऊन उतरते, म्हणून तोंडे साधारण वारा येतो तिकडे; पण कवायतीच्या रांगेइतकी सारखी नकोत. मांडणी घोड्याच्या नालासारखी किंवा एका बाजूला वळलेली करून मध्ये मोकळी जागा सोडतात. उतरणारा पक्षी तिथेच येतो, आणि ती जागा लपणापासून २० ते २५ मीटरवर असली पाहिजे. बारा बोअरच्या बंदुकीचे छर्रे या अंतरावर स्वच्छ काम करतात. वारा शिकाऱ्याच्या पाठीवर असणे सर्वांत सोयीचे. अर्थात पाखरे ज्या शेतात यायलाच तयार नाहीत, तिथे उत्तमातला उत्तम डिकॉयही निरुपयोगी. आदल्या दिवशी दुर्बीण घेऊन थवे कुठून येतात आणि कुठे चरतात हे पाहणे यापुढे बाकीचे सगळे दुय्यम आहे.

जिवंत डिकॉय आणि इतर परंपरा

खोटा पक्षी ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात लव्हलॉक गुहेत १९२४ मध्ये लव्हाळ्यापासून विणलेली, पिसे लावलेली बदके सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. कबुतरांसाठी मात्र दीर्घकाळ जिवंत पक्षीच वापरला गेला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले जाळेवाले ‘प्रवासी कबूतर’ (पॅसेंजर पिजन) या जातीच्या पक्ष्याच्या पापण्या शिवून त्याला हलत्या फळीवर बांधत. दोरी सोडली की फळी खाली येई, पक्षी पंख फडफडवी आणि वरून जाणारा थवा जाळ्यावर उतरे. त्या जातीचा शेवटचा पक्षी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये ऑक्टोबरात स्थलांतर करणाऱ्या वुडपिजनसाठी आजही झाडांवर बांधलेल्या लपणांतून जिवंत कबुतरे दोरीने वरखाली करून भुलवण केली जाते. पिरेनीज पर्वतातल्या बास्क प्रदेशाच्या खिंडींत उलटा डाव असतो. तिथे शिकारी उंचावरून पांढऱ्या लाकडी चकत्या फेकतात; थव्याला तो झडप घालणारा ससाणा वाटतो, तो घाबरून खाली झेपावतो आणि खिंडीत ताणलेल्या जाळ्यात शिरतो. पांढऱ्या रंगाने पाखरू पळवणे आणि पकडणे, दोन्ही एकाच फेकीत साधते.

महाराष्ट्रात पारधी समाजाकडे ही विद्या वेगळ्या रूपात होती. पाळलेल्या तित्तिराच्या आवाजाने रानातले तित्तिर फाशांकडे येत. गाय पारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाच्या जवळ जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी शिकार बेकायदा आहे. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हाही कबुतराच्याच कुळातला, आणि त्यालाही या कायद्याचे संरक्षण आहे.

कायदा

ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्यानुसार बांधलेला, आंधळा किंवा जखमी केलेला जिवंत पक्षी डिकॉय म्हणून वापरता येत नाही. आवाजाचे ध्वनिमुद्रणही डिकॉय म्हणून वापरायला बंदी आहे. प्लास्टिकचे, कापडाचे आणि मेलेले पक्षी मात्र चालतात. वुडपिजन मारण्याची मुभा सर्वसाधारण परवान्यांतून (व्यक्तिशः अर्ज न करता सर्वांना लागू असलेल्या) मिळते. ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने कायदेशीर आव्हान दिल्यावर एप्रिल २०१९ मध्ये इंग्लंडमधले तीन जुने परवाने अचानक मागे घेतले गेले. पेरणीच्या दिवसांत शेतकरी संतापले, काही आठवड्यांत नवे तात्पुरते परवाने काढावे लागले, आणि २०२१ पासून जीएल ४२ (जनरल लायसन्स, म्हणजे सर्वसाधारण परवाना क्र. ४२) हा परवाना लागू झाला. त्यात वुडपिजन गंभीर पीकहानी टाळण्यासाठीच मारता येतो, निव्वळ खेळ म्हणून नाही, आणि हाकलण्याचे इतर वाजवी उपाय करून पाहणे अपेक्षित असते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे परवाने वेगळे आहेत.